दूरवरून येणारं हवेचं प्रदूषण आणि खान्देश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक शेतकरी, शिक्षक आणि छतावर सौर पॅनल बसवलेली मंडळी आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दूरवरचं प्रदूषण म्हणजे किती दूरचं? पन्नास किलोमीटर की पाच हजार?

कोणता पदार्थ हवेत किती काळ टिकतो, यावर ते ठरतं. ताशी २० किमी वाऱ्याने हवा दिवसाला ४८० किमी जाते. नायट्रोजनचे ऑक्साइड काही तास ते एक दिवस टिकतात. सल्फर डायऑक्साइड एक-दोन दिवस टिकतो, पण तोवर त्याचा सल्फेट होतो आणि सल्फेटचे बारीक कण पाऊस नसेल तर आठवडाभरही तरंगतात. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन महिने राहतो. कोळशातून निघालेला वायुरूप पारा काही महिने ते वर्षभर हवेत राहतो, म्हणजे अख्ख्या पृथ्वीला फेरी मारतो. त्यामुळे पन्नासही बरोबर आणि पाच हजारही. चुलीच्या धुरातली जाड काजळी शेजारच्या तालुक्यात पोचते आणि त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड दुसऱ्या खंडात.

२. धूळ तर जड असते. ती हजार किलोमीटर येईपर्यंत खाली कशी पडत नाही?

जाड धूळ पडतेच. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण (१०० मायक्रॉन) सेकंदाला सुमारे पाव मीटर खाली येतो. वावटळीत उडालेला फुफाटा त्याच शिवारात बसतो तो यामुळेच. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दिवसाला अडीचशे-तीनशे मीटर उतरतो, मातीचा असेल तर त्याच्या साधारण अडीचपट. २.५ मायक्रॉनचा कण दिवसभरात पंधरा-वीस मीटरच उतरतो. वाळवंटावर मे महिन्यात तापलेली हवा धूळ दोन-तीन किलोमीटर वर नेते. तिथून निघालेले बारीक कण जमिनीला टेकायच्या आधी अनेक राज्यं ओलांडतात. त्यांना खाली आणतो तो मुख्यतः पाऊस.

३. खान्देशाला उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. बाहेरची हवा येते तरी कुठून?

डोंगर आहेत म्हणून वाट बंद होत नाही, वाट ठरून जाते. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पन्हाळीसारखं आहे. पश्चिमेचं तोंड सुरतेकडे उघडतं आणि पूर्वेचं बऱ्हाणपूरकडे. सुरत सरळ रेषेत नंदुरबारहून सुमारे १५० किमी, धुळ्याहून २०० आणि जळगावहून २८० किमीवर आहे.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येचा असतो. तो समुद्रावरून येतो आणि वाटेत दक्षिण गुजरातच्या औद्योगिक पट्ट्याला स्पर्श करतो, पण पाऊस त्याला धूतही असतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारा उलटतो आणि ईशान्य-पूर्वेकडून मंद वाहू लागतो. मार्च ते मे वायव्य-पश्चिमेकडून येतो, त्या दिशेला थरचं वाळवंट आहे. जैसलमेर नंदुरबारहून सरळ रेषेत साधारण ७०० किमी. ताशी ३० किमी वाऱ्याने ही एका दिवसाची मजल झाली.

हे जमिनीलगतच्या वाऱ्याचं. दीड-दोन किलोमीटरवरच्या वाऱ्याला सातपुडा अडवत नाही, तोरणमाळचं पठारही सुमारे ११५० मीटरच उंच आहे. खाली पूर्वेचा आणि वर वायव्येचा वारा एकाच दिवशी वाहू शकतो. धुराड्याचा धूर एकीकडे आणि ढग दुसरीकडे जाताना पाहिला असेल, तसंच.

४. म्हणजे आमच्या हवेतली बरीचशी घाण बाहेरचीच ना?

नाही. हा निष्कर्ष सोयीचा असल्यामुळे फार पसरला आहे. वर्षातले बहुतेक दिवस शहरात नाकात जाणारी धूळ आणि धूर रस्त्याचा, बांधकामाचा, वीटभट्टीचा, चुलीचा, कचऱ्याच्या ढिगाचा आणि वाहनांचा असतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या त्यातल्या यादीत खान्देशातून जळगाव आहे. रस्त्यावरची धूळ झाडायला राजस्थानची परवानगी लागत नाही.

बाहेरचा वाटा खरा ठरतो तो ठरावीक वेळी आणि ठरावीक पदार्थांत. मार्च ते जूनमधली धूळ, हिवाळ्यातला सल्फेटचा धुरकटपणा आणि उन्हाळी ओझोन, हे तीन. बाकी वेळी आधी आपल्या गल्लीत बघावं.

५. आजचं प्रदूषण इथलं की बाहेरचं, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

तीन गोष्टी पाहा. एक पुरत नाही, दोन जुळल्या तर बऱ्यापैकी खात्री होते.

पहिली, घड्याळ. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ७ ते १० आकडा चढून दुपारी उतरत असेल तर स्रोत स्थानिक आहे. थंडीत रात्री धूर दोनशे-तीनशे मीटरच्या थराखाली कोंडतो आणि दुपारी तो थर फुटतो. दुपारीही आकडा उतरत नसेल, किंवा दुपारीच चढत असेल, तर वरून काहीतरी खाली मिसळतंय.

दुसरी, शेजार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आपल्या शहरासोबत नाशिक, अकोला, सुरत यांचे आकडे उघडा. सगळीकडे काही तासांच्या फरकाने एकदम वाढ दिसली तर कारण प्रादेशिक. एकाच शहरात दिसली तर तिथलंच.

तिसरी, पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) भागिले पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण). उत्तर ०.४ च्या खाली आलं तर धूळ, ०.६ च्या वर तर धूर किंवा सल्फेट. मधलं आलं तर मिश्रण. हा भागाकार तासाच्या आकड्यांवर करा. हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या आकड्यांवर करू नका, कारण निर्देशांक हा मायक्रोग्रॅमचा आकडा नसतो. ही चूक वर्तमानपत्रांतही होते.

६. हवा कुठून आली याचा उलटा माग काढता येतो म्हणे. कसा?

अमेरिकेच्या नोआ संस्थेचं ‘हायस्प्लिट’ हे साधन त्यासाठी वापरतात. ते वेबसाइटवर फुकट चालतं. क्रम असा:

मार्गरेषेचा पर्याय निवडा आणि दिशा ‘मागे’ ठेवा. जागा अक्षांश-रेखांशाने द्या: जळगाव २१.०१ व ७५.५६, धुळे २०.९० व ७४.७८, नंदुरबार २१.३७ व ७४.२४. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असते, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. दुपारी अडीच म्हणजे तिथले ९. कालावधी ७२ तास. उंची तीन द्या: जमिनीपासून ५००, १००० आणि १५०० मीटर.

कुठे चुकतं? साडेपाच तास वजा करायचे राहतात. उंची १० मीटर दिली जाते आणि रेषा लगेच जमिनीत घुसते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाशाखालचा उंचीचा आलेख न बघणं. रेषा राजस्थानवरून गेली, पण तीन किलोमीटर उंचीवरून गेली, तर तिने तिथली धूळ उचलली असं म्हणता येत नाही. वाटेत पाऊस लागला असेल तर उचललेलंही धुऊन गेलं.

शिवाय एक अंशाच्या जाळीतल्या हवामान माहितीला तापीचं खोरं धड दिसतच नाही. एक अंश म्हणजे सुमारे ११० किमी. अंतराच्या साधारण पाचव्या हिश्शाची चूक गृहीत धरा: हजार किमी मागे गेलेली रेषा दोनशे किमी इकडे-तिकडे असू शकते. म्हणून एका रेषेवर भिस्त ठेवू नका. तीन-तीन तासांच्या अंतराने पाच-सहा रेषा काढा. सगळ्या एकाच बाजूला गेल्या तरच बोला.

७. उपग्रहाच्या चित्रात खान्देशावर राखाडी पट्टा दिसतो, पण इथे तर आकाश ठीक वाटतं. खोटं कोण?

कोणीच नाही. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेची बेरीज बघतो आणि आपण तळातली दोन मीटर हवा श्वासात घेतो. पट्टा तीन किलोमीटरवर असेल तर खाली काहीच जाणवणार नाही. उलटही होतं. जानेवारीत पहाटे खोऱ्यात कोंडलेला धूर पातळ थरात असतो, डोळ्यांत झोंबतो, पण उपग्रहाच्या आकड्यात नगण्य दिसतो.

आगीचे लाल ठिपके दाखवणाऱ्या नासाच्या ‘फर्म्स’ नकाशाबाबतही हेच ध्यानात ठेवा. तिथला एक प्रमुख उपग्रह-संवेदक दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. संध्याकाळी सहाला पेटवून नऊला विझलेलं शेत त्याला सापडत नाही. ठिपका नाही म्हणून आग नव्हती असं होत नाही.

८. पंजाब-हरियाणातल्या पराळीचा (भाताच्या जाळलेल्या धसकटांचा) धूर खान्देशापर्यंत येतो का?

कधीकधी येतो आणि पातळ होऊन येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथला वायव्य वारा धूर मुख्यतः गंगेच्या मैदानात नेतो. दिल्ली ते जळगाव अंतर सरळ रेषेत साधारण ८६० किमी आहे. मध्य भारतावर उच्च दाबाचं क्षेत्र बसलं की त्याच्या कडेने वळून काही धूर माळवा ओलांडून इकडे येतो. तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात आणि धुराचा वास उरलेला नसतो. म्हणून सोपी खूण: जळका वास येत असेल तर धूर जवळचा आहे. वास नाही, पण सूर्य मावळतीला क्षितिजाच्या बराच वर असतानाच फिका तांबडा होऊन विरतो, तर थर दूरचा असू शकतो.

त्याच दिवसांत दिवाळी असते आणि फेब्रुवारी ते एप्रिल सातपुड्यात मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो कधी वणवा होतो. हे दोन्ही धूर पंजाबच्या नावावर लिहिले जातात.

९. गाडीवर एका रात्रीत पिवळसर थर बसला. ही धूळ राजस्थानची, अरबस्तानची की आपल्याच रस्त्याची?

बोटाने चोळून पाहा. दूरची धूळ पावडरीसारखी लागते, कारण जाड कण वाटेतच गळालेले असतात. कचकच लागली तर ती गावातली. रंगही बघा: वाळवंटी धूळ फिकट पिवळी-पांढरट, काळ्या मातीची राखाडी-तपकिरी. मग प्रश्न ५ मधली शेजारच्या शहरांची कसोटी लावा.

हे उन्हाळ्यातच होतं असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पश्चिमी विक्षोभामागून पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली आणि भर थंडीत गाड्या पांढऱ्या झाल्या.

एप्रिल-मेमध्ये धूळ वर असताना चार थेंब पडले की चिखलाचा पाऊस होतो. थेंब पडता पडता धूळ गोळा करतो आणि अर्धा वाटेत सुकतो. कपड्यावर, केळीच्या पानावर ठिपके उरतात ते मातीचे असतात. त्यात विषारी काही आहे म्हणून फिरणाऱ्या संदेशांकडे लक्ष देऊ नका.

धुळीने नुकसानच होतं असंही नाही. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलाला फॉस्फरस पुरवते.

१०. इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख भारतावर आली होती. शेताला काही झालं असेल का?

हायली गुब्बी ज्वालामुखी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी फुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याची राख गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे सरकली. विमानं रद्द झाली, कारण राख विमानांच्या उंचीवर होती. जमिनीवर तिचा परिणाम नगण्य होता. त्या आठवड्यात पिकावर काही दिसलं असेल तर कारण दुसरं शोधा.

११. दीपनगरची (भुसावळजवळच्या कोळशाच्या वीज केंद्राची) चिमणी एवढी उंच आहे, मग धूर आमच्यावर कसा येईल?

उंच चिमणी धूर कमी करत नाही, तो लांब नेते. पायथ्याच्या गावाला आराम मिळतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या गावाला हिस्सा मिळतो. कॅनडात सडबरीला १९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी सुरू झाली. शहराची हवा सुधारली आणि सल्फर दूरच्या सरोवरांवर जाऊ लागला. दूरवरच्या प्रदूषणाचा कायदाही अशाच अनुभवातून आला. ब्रिटन आणि मध्य युरोपच्या सल्फरने स्कँडिनेव्हियातली तळी आम्ल झाली, मासे मेले, आणि १९७९ मध्ये जिनिव्हात त्यावर पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. दक्षिण आशियात १९९८ चं माले घोषणापत्र आहे, त्यात भारतही आहे. पण ते बंधनकारक नाही.

भुसावळजवळचं केंद्र जळगावच्या पूर्वेला आहे. म्हणजे हिवाळी पूर्वेच्या वाऱ्यात धूर जळगावच्या दिशेने आणि पावसाळ्यात मुक्ताईनगर-बऱ्हाणपूरकडे. सल्फर काढणारी यंत्रणा सक्तीची करणारे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. सूट देताना आसपासच्या हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण मानकात असल्याचं कारण पुढे केलं गेलं. तो आकडा खरा असला तरी प्रश्न १ मधला मुद्दा त्यात सुटतो: लांब गेल्यावर तो सल्फर डायऑक्साइड राहत नाही, सल्फेट म्हणून पीएम २.५ मध्ये मोजला जातो.

राखेच्या तळ्यावरून उडणारी राख हा वेगळा आणि स्थानिक प्रश्न आहे. त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

१२. आमच्याकडे आम्लवर्षा होते का? जमीन खराब होईल का?

शुद्ध पावसाचा सामूही (पीएच) ७ नसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ५.६ च्या आसपास असतो, त्याच्या बराच खाली गेला तर आम्लवर्षा. आपल्याकडच्या हवेत चुनखडीयुक्त धूळ भरपूर असते, ती आम्ल मारते. त्यामुळे पहिल्या पावसाचा सामू पुष्कळदा ६ च्या वरच निघतो. धूळ धुऊन गेल्यावर, ऑगस्टमधल्या संततधारेत, तो उतरतो.

जमिनीचं म्हणाल तर हिशेबच करू. समजा वर्षाचा सगळा ७०० मिमी पाऊस ४.५ सामूचा पडला. तो आम्लपणा मारायला हेक्टरी सुमारे ११ किलो चुनखडी खर्च होईल. पाच टक्के चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच हेक्टरी सुमारे १०० टन असते. तापीकाठच्या शेतकऱ्याची काळजी सामू वाढल्याची असते, आम्लवर्षेची नाही.

सातपुड्याच्या उतारावरची पातळ, धुपलेली माती मात्र वेगळी. तिथे चुना थोडा असतो. तिथली पहिली खूण मातीत दिसत नाही, झाडाच्या सालीवर दिसते. मसाल्यात घालतो ते दगडफूल मुळाने खात नाही, सगळं हवेतून आणि पावसातून घेतं. सल्फर वाढला की ते आधी जातं. दरवर्षी त्याच दहा झाडांच्या, त्याच उंचीवर, एक वीतभर चौकटीत किती साल झाकली आहे याचे फोटो ठेवले तर शाळेलाही चांगली नोंद करता येईल.

१३. पावसाचा सामू घरी मोजला तर कधी ४ येतो, कधी ८. काय चुकतंय?

बहुधा भांडं. कोरडं ठेवलेलं उघडं भांडं आधी धूळ गोळा करतं. पत्र्याचं भांडं पाणी बदलतं. स्वच्छ प्लास्टिकचं भांडं दीड मीटर उंच स्टुलावर, झाड आणि पन्हाळीपासून दूर, पाऊस सुरू झाल्यावरच उघडा. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी आणि नंतरचं वेगळं ठेवा, तासाभरात मोजा. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदी पट्टी गोंधळते. मीटर वापरा आणि तो ४ व ७ च्या द्रावणाने जुळवून घ्या.

१४. गावात ना कारखाना ना गर्दी, तरी ओझोन शहरापेक्षा जास्त कसा?

ओझोन धुराड्यातून निघत नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यात उन्हाने रासायनिक क्रिया होऊन तो वाटेत तयार होतो. शहरात वाहनांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला लगेच खाऊनही टाकतो. शहराबाहेर खाणारा कमी पडतो, म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या गावात दुपारी २ ते ५ दरम्यान तो जास्त भरतो. त्याचं आठ तासांचं मानक १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

गहू, सोयाबीन आणि कापूस त्याला हळवे आहेत. खूण अशी: जुन्या, उन्हातल्या पानांच्या वरच्या बाजूला शिरांच्या मध्ये बारीक तांबूस-तपकिरी ठिपके, शिरा हिरव्या, पानाची खालची बाजू सुरुवातीला स्वच्छ. कापसाचा लाल्या वेगळा. त्यात पान कडेकडून सलग लाल होतं आणि मुख्य कारण मॅग्नेशियम-नत्राची कमतरता व रात्रीची थंडी. लाल्याला ओझोन समजून खत टाळलं तर नुकसान दुप्पट.

१५. कापसाची पानं अचानक भेंडीसारखी झाली. हेही बाहेरच्या हवेमुळे?

हवेमुळे असू शकतं, पण कारखान्याच्या नाही. हा २,४-डी तणनाशकाचा परिणाम. ऊस, मका, गव्हात ते मारतात आणि कापूस त्याला इतका हळवा आहे की अगदी थोड्या अंशानेही पान अरुंद, लांबट होतं. याचं इस्टर रूप उडून जातं आणि फवारणीनंतरही उन्हात वाफ होऊन शिवारं ओलांडतं. अमाईन आणि सोडियम क्षार त्या मानाने कमी उडतात.

आरोप करण्याआधी आपला पंप आठवा. त्याच पंपाने आधी तणनाशक मारून मग कापसावर कीटकनाशक मारलं असेल तर सगळ्या शेतात सारखा परिणाम दिसतो. वाऱ्याने आलं असेल तर एका बांधाकडे जास्त आणि आत कमी होत जातं.

उपाय मर्यादित आहे: बाधित शेंडे खुडा, १ ते २ टक्के युरिया फवारा, पाणी तोडू नका. फवारणाऱ्यांसाठी: पहाटेची एकदम शांत हवा सुरक्षित वाटते, पण तीच घातक. थंड थराखाली थेंब तासन्‌तास तरंगत सरकतात. ताशी ३ ते १० किमी स्थिर वारा, तोही कापसाच्या उलट दिशेचा, बरा.

१६. केळीच्या पानावरचे डाग धुळीचे, राखेचे की करप्याचे?

ओल्या फडक्याने पुसा. पुसलं गेलं तर धूळ किंवा राख. करप्याचे डाग शिरांना समांतर लांबट, मध्ये राखाडी, भोवती पिवळं वलय असलेले असतात आणि पुसून जात नाहीत. पानाची फक्त कडा करपली असेल आणि जवळ वीटभट्टी असेल तर भट्टीतल्या फ्लोराइडचाही विचार करा.

१७. एंडोसल्फान हे कीटकनाशक तर कधीच बंद झालं. मग त्याचा अजून विषय का?

कारण ते अजून फिरतंय. असे टिकाऊ पदार्थ उष्ण मुलखातल्या मातीतून वाफ होऊन उठतात, थंड जागी पोचल्यावर गोठून खाली बसतात, पुन्हा तापलं की पुन्हा उठतात. अशा उड्या मारत डीडीटी आर्क्टिकच्या प्राण्यांच्या चरबीत पोचलं. २०११ मध्ये एंडोसल्फान अशा टिकाऊ विषांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. कापसाचा पट्टा उष्ण आणि हिमालय थंड. हा प्रवास कुठल्या दिशेने झाला असेल ते उघड आहे.

१८. सौर पॅनलवरची धूळ आणि टाकीतलं पहिल्या पावसाचं पाणी, दोन्हींचं काय करायचं?

पॅनल: दोन शेजारच्या पॅनलपैकी एक धुवा, दुपारी बाराला दोन्हींचा प्रवाह मोजा. फरक पाहून धुण्याचं वेळापत्रक ठरवा, दिनदर्शिका पाहून नको. धुणं पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. साबण नको. बोअरचं जड पाणी वापरलं तर सुकल्यावर पांढरे क्षार राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट, म्हणून शेवटचा हात मऊ पाण्याचा आणि रबरी वायपरचा. चिखलाचा पाऊस (प्रश्न ९) पडला की त्याच संध्याकाळी धुवा.

टाकी: पहिला २ मिमी पाऊस सोडून द्या. १०० चौरस मीटर छताला तो २०० लिटर होतो, म्हणजे एक पिंप. पंधरा दिवसांची उघडीप पडली तर पुन्हा सोडा.

१९. प्रदूषण बाहेरच्या राज्यातून येत असेल तर तक्रार कुणाकडे?

१९८१ च्या हवा कायद्याप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं क्षेत्र राज्यापुरतं. राज्याराज्यांतला वाद केंद्रीय मंडळ सोडवतं. अनेक राज्यांच्या हवेसाठी २०२१ च्या कायद्याने नेमलेला आयोग दिल्ली आणि लगतच्या भागापुरताच आहे, तापी खोऱ्यासाठी तसं काही नाही. पश्चिम विभागासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पीठ पुण्यात आहे.

स्थानिक स्रोत असेल तर राज्य मंडळाचं जळगावचं उपप्रादेशिक कार्यालय गाठा. ते नाशिक प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. ‘फार धूर येतो’ अशा अर्जाचं काही होत नाही. सलग दहा दिवसांची वही द्या: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, स्रोताचं अंतर, एकाच जागेवरून काढलेले फोटो. वारा उलटला त्या दिवशी त्रास थांबला, ही नोंद सगळ्यात वजनदार असते आणि तीच लोक लिहीत नाहीत. उघड्यावर कचरा जाळण्यासाठी हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये साधा ५,००० आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवला आहे.

२०. स्वस्तातलं हवा मोजायचं यंत्र घेतलं. पहाटे आकडा तिप्पट दाखवतं. बिघडलंय का?

बिघडलेलं नसावं. ही यंत्रं कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा फुगतो. उलट वाळवंटी जाड धूळ त्यांना कमी दिसते, म्हणजे नेमक्या धुळीच्या वादळात ती ‘हवा ठीक’ म्हणतात. दुपारचे आकडे आपसात तुलनेला चालतात, तक्रारीत पुरावा म्हणून चालत नाहीत.

२१. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळली नाही तर गुलाबी बोंडअळी राहते म्हणतात. मग धूर बरा की अळी?

अळी पऱ्हाटीच्या काडीत राहत नाही, झाडावर उरलेल्या किडक्या बोंडांत राहते. त्यामुळे खरा दोष बांधावर रचून ठेवलेल्या ढिगाचा. हंगाम डिसेंबरअखेर संपवा, फरदड (हंगामानंतर लांबवलेलं पीक) घेऊ नका, बोंडांसकट पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा किंवा खतात कुजवा. काही गावांत एका श्रेडरभोवती चार-पाच जण मिळून भाड्याचा हिशेब बसवतात. बारीक केलेली काडी कांडीकोळशासाठीही विकली जाते.

आणि जाळलीच तर तो धूर जानेवारीच्या पूर्वेच्या वाऱ्यात तापीच्या पन्हाळीतून नंदुरबार, नवापूर करत सुरतेकडे उतरतो. तिथल्या लोकांच्या हायस्प्लिटच्या रेषा तेव्हा खान्देशावर येऊन थांबतात.